शोधयंत्रांचा आरंभकाळ आणि देवनागरीची उशिराची वाट

शोधयंत्राला प्रश्न विचारला की ते त्याच क्षणी जगभरच्या संगणकांवर जाऊन उत्तर धुंडाळते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात धुंडाळण्याचे काम आधीच उरकलेले असते. क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम एका वेबपानावरून दुसऱ्या पानावर लिंकच्या वाटेने अखंड फिरत असतो आणि भेटलेले प्रत्येक पान उतरवून घेतो. त्या पानांतला शब्द न् शब्द सुटा करून एक प्रचंड शब्दसूची रचली जाते. ‘सारंगखेडा’ हा शब्द कोणकोणत्या पानांत आणि कितव्या जागी आला, हे त्या सूचीत ‘सारंगखेडा’ या नोंदीपुढे लिहिलेले असते. ‘घोडा’ या शब्दापुढे त्याची पाने असतात. ‘सारंगखेडा घोडा’ असे कोणी विचारले की यंत्र या दोन याद्यांतली सामाईक पाने काढते आणि मग त्यांचा क्रम लावते. गोळा करणे, सूची करणे आणि क्रम लावणे या तीन कामांची जोडणी म्हणजे शोधयंत्र. ग्रंथाच्या शेवटी छापलेली शब्दसूची याच तत्त्वावर चालते. फरक आहे तो प्रमाणाचा आणि वेगाचा.

या रचनेतून एक गोष्ट अपरिहार्यपणे निघते आणि पुढचे सारे विवेचन तिच्याभोवती फिरते. जे पान क्रॉलरला भेटलेच नाही, किंवा भेटले पण ज्यातली अक्षरे यंत्राला अक्षरे म्हणून वाचता आली नाहीत, ते शोधयंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसते. शोधयंत्रांचा इतिहास बहुधा क्रम लावण्याच्या युक्त्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. इंग्रजी मजकुरापुरते ते ठीक आहे. नंदुरबारसारख्या जिल्ह्याकडून पाहिले तर त्याच इतिहासात अक्षरांची, गावांच्या नावांची आणि फारशा न लिहिल्या गेलेल्या भाषांची बाजू कितीतरी मोठी दिसू लागते.

शोधण्याची सोय करून ठेवणे ही संगणकाच्या आधीची विद्या आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची वर्गीकृत ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. एका माणसाने चिकाटीने केलेले हे काम मराठीतल्या कोणत्याही शोधव्यवस्थेचे मूळ मानावे इतके मोलाचे आहे. त्याआधी दहा वर्षे, १९३३ मध्ये, एस. आर. रंगनाथन यांनी मद्रासहून आपली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती मांडली होती. मात्र या पद्धतींत पुस्तक कोणत्या विषयाचे हे माणूस ठरवत असे. मजकुरातल्या शब्दांवरूनच विषय ओळखायचा, हा विचार १९६० च्या दशकात अमेरिकेत जेरार्ड सॉल्टन यांच्या ‘स्मार्ट’ या प्रकल्पातून पुढे आला. १९७२ मध्ये केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी त्यात एक साधी पण दूरगामी भर घातली: जो शब्द थोड्याच लेखांत सापडतो त्याला जास्त वजन द्यावे. ‘आहे’ हा शब्द प्रत्येक मराठी लेखात असतो, म्हणून त्यावरून काहीच कळत नाही. ‘तोरणमाळ’ मोजक्या लेखांत येतो, म्हणून तो आला की लेख कशाबद्दल आहे याचा अंदाज बांधता येतो. आजवरच्या जवळजवळ प्रत्येक शोधयंत्रात हे तत्त्व कोणत्या ना कोणत्या रूपात टिकून आहे.

इंटरनेटवरचे पहिले शोधयंत्र मात्र मजकूर वाचतच नव्हते. १९९० मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एम्टेज यांनी ‘आर्ची’ तयार केले. बिल हीलन आणि पीटर डॉइच हे त्यांचे सहकारी. वेब अजून सार्वजनिक व्हायचे होते. विद्यापीठांच्या संगणकांवर फाइली ठेवलेल्या असत आणि एफटीपीने त्या उतरवून घेता येत. पण कोणती फाइल कुठे आहे, हे माहीत असलेल्यालाच माहीत असे. आर्ची ठरावीक काळाने त्या संगणकांशी संपर्क साधून फाइलींच्या नावांच्या याद्या आणी आणि त्या एका जागी शोधू देई. फाइलीत काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. पुढे मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘गोफर’ या मेन्यूंच्या व्यवस्थेसाठी १९९२ मध्ये ‘व्हेरॉनिका’ आणि १९९३ मध्ये ‘जगहेड’ आले. गोफरच मागे पडल्यावर ही दोन्हीही मागे पडली.

टिम बर्नर्स-ली यांच्या वेबवरचे सारे हक्क सर्न या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी सोडून दिले आणि वेब कोणालाही मोफत वापरता येऊ लागले. त्याच वर्षी त्यात फिरणारे पहिले प्रोग्रॅम निघाले. एमआयटीतल्या मॅथ्यू ग्रे यांचा ‘वाँडरर’ जूनमध्ये सुटला. त्याचा मूळ हेतू वेब किती वाढले आहे हे मोजण्याचा होता. नोव्हेंबरमध्ये मार्टिन कॉस्टर यांनी ‘अलीवेब’ आणले. त्यात संकेतस्थळाच्या मालकानेच आपल्या पानांची सूची लिहून द्यायची होती. ही पद्धत सभ्य आणि सर्व्हरवर भार न टाकणारी होती. पण सूची लिहून देण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले. क्रॉलरांनी सर्व्हर बेजार होऊ नयेत म्हणून कॉस्टर यांनीच १९९४ मध्ये ‘रोबोट्स’ फाइलीचा संकेत सुचवला. कोणत्या पानांकडे फिरकू नये, हे त्या फाइलीत लिहिलेले असते. आजही तो पाळला जातो. डिसेंबर १९९३ मध्ये स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातल्या जोनाथन फ्लेचर यांनी ‘जंपस्टेशन’ उभे केले. पाने गोळा करणे, सूची करणे आणि प्रश्नाला उत्तर देणे ही तिन्ही कामे एकत्र करणारे वेबवरचे ते पहिले यंत्र. म्हणून आजच्या अर्थाने पहिले शोधयंत्र म्हणायचे तर मान त्याचा. त्याच्या सूचीत पानांची शीर्षके आणि मथळेच येत, कारण हाताशी असलेल्या संगणकाची ताकद तेवढीच होती. विद्यापीठाकडून पैशाचे पाठबळ मिळाले नाही आणि १९९४ च्या अखेरीस ते बंद पडले.

पानातला संपूर्ण मजकूर शब्दशः सूचीत घेण्याचे पाऊल एप्रिल १९९४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ब्रायन पिंकर्टन यांच्या ‘वेबक्रॉलर’ने टाकले. सुरुवातीला त्यात सुमारे ४ हजार संकेतस्थळांची पाने होती. जुलैमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातून मायकेल मॉल्डिन यांचे ‘लायकॉस’ ५४ हजार दस्तऐवजांनिशी सुरू झाले. पाठोपाठ इन्फोसीक, एक्साइट, हॉटबॉट अशी रांग लागली. १५ डिसेंबर १९९५ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने ‘अल्टाव्हिस्टा’ खुले केले तेव्हा त्याच्या सूचीत १ कोटी ६० लाख पाने होती. लुई मॉनिए यांचा क्रॉलर आणि माइक बरोज यांची सूची यांनी त्या काळच्या मानाने थक्क करणारा वेग गाठला होता. वेब एवढे मोठे आहे, हे पुष्कळांना अल्टाव्हिस्टामुळेच प्रथम जाणवले.

या यंत्रांच्या बरोबरीने दुसरा पंथ चालत होता. जेरी यांग आणि डेव्हिड फायलो या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये आपल्या आवडत्या संकेतस्थळांची यादी विषयवार लावली. तिचीच ‘याहू’ झाली. तिथे माणसे पाने पाहत आणि योग्य वर्गात घालत. निवड चोख असे, पण वेब ज्या वेगाने वाढत होते त्याला माणसांचे हात पुरणे शक्य नव्हते. उलट यंत्रे सगळे गोळा करीत आणि त्यांना बरेवाईट कळत नसे. एखादा शब्द पानात शेकडो वेळा, पार्श्वभूमीच्याच रंगात लपवून लिहिला की ते पान वर येई, ही युक्ती व्यापाऱ्यांना लवकरच उमगली. १९९७ च्या सुमारास साध्या प्रश्नाला निरर्थक पानांची चळत समोर येणे नेहमीचे झाले होते.

भारतात हा काळ टेलिफोनच्या तारेवरचा होता. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ प्रकल्पातून शैक्षणिक संस्था जोडल्या जात होत्या आणि त्यात मुंबईच्या जुहू येथील एनसीएसटी या संस्थेचे, विशेषतः तिचे संचालक श्रीनिवासन रमणी यांचे, काम पायाभूत होते. सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने सेवा खुली केल्यावर. तेही आधी मोजक्या महानगरांत. स्वस्तातले खाते ‘शेल’ प्रकारचे असे. त्यात पडद्यावर फक्त रोमन अक्षरे उमटत. चित्र नाही आणि देवनागरीचा तर प्रश्नच नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये राजेश जैन यांनी मुंबईहून ‘इंडियावर्ल्ड’ सुरू केले होते आणि त्याचा पहिला वाचक परदेशातला भारतीय होता. त्या संचातूनच पुढे ‘समाचार’, ‘बावर्ची’, ‘खेल’ आणि भारतीय संकेतस्थळांचा शोध घेणारे ‘खोज’ निघाले. महाराष्ट्रातून चालवलेली ही शोधसेवा आज जवळजवळ विसरली गेली आहे, हे खटकणारे आहे. भारतातले काय वेबवर आहे हे भारतातूनच नोंदवण्याचा तो पहिल्या काही प्रयत्नांपैकी एक होता. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने हा सारा संच ४९९ कोटी रुपयांना घेतला. ‘खोज’ची भाषा अर्थातच इंग्रजी होती, कारण भारतीय वेबचीही तीच होती.

निरर्थक पानांच्या चळतीवर उपाय निघाला तो पानांबाहेर पाहण्यातून. युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये वैज्ञानिक लेखांची उद्धरणसूची काढली होती. ज्या लेखाचा हवाला इतर लेख देतात तो महत्त्वाचा, हे तिच्यामागचे तत्त्व. वेबवरची लिंक म्हणजे एक प्रकारे हवालाच. स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९६ पासून त्यावर काम केले. त्यांच्या या पद्धतीचे नाव पेजरँक; राजीव मोटवानी आणि टेरी विनोग्राड हे तिच्या मूळ अहवालाचे सहलेखक. कितीजण बोट दाखवतात एवढेच मोजून त्यांचे भागत नव्हते. बोट दाखवणारा स्वतः किती वजनाचा, हेही त्यात धरायचे होते. त्याचे वजन पुन्हा त्याच्याकडे येणाऱ्या लिंकांवरून ठरणार, म्हणून सगळ्या पानांची किंमत एकदम, आकडे स्थिर होईपर्यंत पुनःपुन्हा मोजावी लागते. एप्रिल १९९८ मध्ये ब्रिस्बेनच्या वेब परिषदेत पेज आणि ब्रिन यांनी आपल्या ‘गूगल’ या यंत्राची रचना मांडली, तेव्हा त्यांच्याकडे किमान २ कोटी ४० लाख पाने होती. आयबीएमच्या आल्मादेन प्रयोगशाळेत जॉन क्लाइनबर्ग यांनीही त्याच सुमारास लिंकांवर आधारलेली वेगळी पद्धत शोधली. तिथल्या गटातले सौमेन चक्रवर्ती १९९९ मध्ये आयआयटी मुंबईत आले. एकाच विषयाची पाने हेरत जाणाऱ्या क्रॉलरवरचा त्यांचा शोधनिबंध त्याच वर्षीचा.

गूगल कंपनीची नोंदणी ४ सप्टेंबर १९९८ ला झाली. त्याच्या दोन महिने आधी, १ जुलै १९९८ रोजी, धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके असलेला नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला होता. दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण या जिल्ह्याचे सारे सरकारी आणि सार्वजनिक आयुष्य शोधयंत्रांच्या काळातच लिहिले गेले आहे, आणि तरीही त्याच्या पहिल्या वर्षांचा मराठी मजकूर शोधयंत्रांना वाचता येत नव्हता. याचे कारण फॉन्टमध्ये आहे.

मराठी इंटरनेटवर प्रथम आली ती रोमन लिपीत. चर्चागटांतून लिहिणारे परदेशस्थ मराठी लोक जमेल तसे स्पेलिंग करीत, किंवा अविनाश चोपडे यांनी केलेल्या ‘आयट्रान्स’च्या पद्धतीने लिहीत. मग देवनागरी फॉन्ट आले. पुण्याच्या सी-डॅकचे योगेश आणि सुरेख, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण, अशी कितीतरी नावे डीटीपीच्या दुकानांत घरच्या माणसांसारखी घेतली जात. या फॉन्टांनी छपाईचे काम फार सोपे केले. पण त्यांची युक्ती अशी होती की संगणक आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे आकडेच साठवी, आणि फॉन्ट त्या आकड्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवी. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धे अक्षर वेगळे. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर असूनही आधी टंकलेली. शिवाय प्रत्येक फॉन्टचा नकाशा निराळा. श्रीलिपीत लिहिलेले ‘शहादा’ आणि योगेशमध्ये लिहिलेले ‘शहादा’ डोळ्यांना एकच, यंत्राला दोन भिन्न आणि दोन्ही निरर्थक अक्षरमाळा.

मराठी दैनिके नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात वेबवर आली तीही आपापल्या फॉन्टनिशी. वाचकाने फॉन्ट उतरवून घेतला की अंक नीट दिसे. क्रॉलरही तिथे पोहोचत होता आणि पान उतरवून घेत होता. त्याच्या सूचीत मात्र ‘नंदुरबार’ हा शब्द कधी पडलाच नाही. पडली ती चिन्हांची रांग, जी कोणी कधी शोधणार नव्हते. सरकारी कचेऱ्यांतले आदेश, परिपत्रके, अहवाल यांचीही तीच गत. नव्या जिल्ह्याच्या घडणीची पहिली वर्षे नेमकी या काळातली. त्या वर्षांची माहिती आज शोधताना इंग्रजी पाने आधी हाती लागतात याचे एक मोठे कारण हे आहे, आणि ते विसरून ‘मराठीत लिहिलेच गेले नाही’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

यावरचा इलाज खरे तर आधीच तयार होता. भारतीय लिप्यांसाठी समान संकेतावली ठरवण्याचे काम ऐंशीच्या दशकात झाले. मोहन तांबे यांच्या गटाने विकसित केलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान सी-डॅकमध्ये आले, आणि ‘इस्की’ ही संकेतावली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. तिच्या १९८८ च्या रूपावर बेतलेला १२८ जागांचा देवनागरीचा पट्टा ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत होता. म्हणजे वेबवरचे पहिले शोधयंत्र जन्मण्यापूर्वीच देवनागरी अक्षरांना जागतिक क्रमांक मिळालेले होते. कमी होती ती ते क्रमांक ओळखून जोडाक्षरे नीट मांडणाऱ्या संगणकांची. विंडोज २००० मध्ये ती सोय आली, त्यासोबत मंगल हा फॉन्ट आला. घरोघरच्या आणि कचेऱ्यांतल्या यंत्रांपर्यंत ती झिरपायला आणखी कितीतरी वर्षे गेली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्यातला शब्द न् शब्द युनिकोडमध्ये असल्याने शोधयंत्राला वाचता येणाऱ्या मराठी मजकुराचा एक मोठा साठा तिथून वाढू लागला. दैनिकेही एकेक करून युनिकोडकडे वळली. जुने अंक मात्र सर्वत्र रूपांतरित झाले नाहीत.

युनिकोडने सगळे मिटले असेही नाही. ‘सातपुड्याच्या दऱ्या’ यातला रफाराचा तो खास मराठी आकार दोन वेगळ्या क्रमांकांच्या जोडणीने लिहिता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. छापील रूप तंतोतंत सारखे. हे दोन्ही एकच आहेत असे शोधयंत्राला मुद्दाम शिकवावे लागते. त्याहून मोठी अडचण मराठीच्या घडणीतच आहे. इंग्रजीत नामापुढे शब्दयोगी अव्यय सुटे राहते. मराठीत ते चिकटते, आणि चिकटण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. शहाद्याला, तळोद्याहून, सारंगखेड्याच्या, घोड्यांसाठीचा: यातल्या एकाही शब्दात ‘शहादा’, ‘तळोदा’, ‘सारंगखेडा’, ‘घोडा’ ही रूपे जशीच्या तशी नाहीत. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या घोडेबाजाराची बातमी ‘सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांची’ अशीच लिहिली जाणार. ‘सारंगखेडा घोडा’ शोधणाऱ्याला ती जुळायची तर यंत्राला प्रत्यय सोलून मूळ शब्दापर्यंत जाता आले पाहिजे.

इंग्रजीसाठी असे प्रत्ययछेदन ज्युली बेथ लव्हिन्स यांनी १९६८ मध्ये आणि मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्ये करून दाखवले होते. मराठीसाठी त्याची पद्धतशीर कसोटी लागली ती २००८ मध्ये. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने ‘फायर’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात हिंदी, बंगाली आणि मराठी दैनिकांतले लेख एकत्र केले गेले, प्रश्न ठरवले गेले आणि कोणत्या लेखात उत्तर आहे हे माणसांनी तपासून नोंदवले. मराठीचा संग्रह ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘सकाळ’ यांतला, सुमारे ९९ हजार लेखांचा. असा संग्रह हाती आल्याशिवाय एक पद्धत दुसरीपेक्षा बरी की वाईट हे कोणीच खात्रीने सांगू शकत नव्हते. म्हणून मराठी शोधाच्या इतिहासात या संग्रहाचे महत्त्व कोणत्याही एका यंत्रापेक्षा जास्त आहे. त्यावर झालेल्या प्रयोगांत, स्वित्झर्लंडमधल्या लिलियाना डोलामिच आणि जॅक सॅव्हॉय यांच्या तुलनेतही, मराठीत प्रत्यय सोलल्याने उत्तरांची अचूकता लक्षणीय वाढते हे दिसून आले. याच सुमारास आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली, पुष्पक भट्टाचार्य आणि अन्य संस्थांतल्या सहकाऱ्यांच्या कामातून, केंद्र सरकारच्या खर्चाने ‘संधान’ हे बहुभाषी शोधयंत्र घडले. मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ आणि तेलुगू या भाषांपासून त्याची सुरुवात झाली, आणि एका भाषेत विचारून दुसऱ्या भाषेतले उत्तर मिळवणे हे त्यामागचे उद्दिष्ट होते. व्यापारी शोधयंत्रांपुढे ते लोकांच्या वापरात रुजले नाही, पण त्यासाठी तयार झालेले शब्दजाल, प्रत्ययांचे विश्लेषण आणि कोश पुढच्या संशोधनाच्या उपयोगी पडले.

नावांचा गुंता या सगळ्यापलीकडचा आहे आणि नंदुरबारइतके चांगले उदाहरण क्वचित मिळेल. जिल्ह्याचे नाव ‘नंदुरबार’ आणि ‘नंदूरबार’ असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. अक्कलकुव्याचे ‘अक्कलकुवा’ आणि ‘अक्कलकुआ’ होते. अक्राणी तालुक्याचे ठाणे धडगावला, म्हणून एकाच तालुक्याची बातमी कधी ‘अक्राणी’ म्हणून येते तर कधी ‘धडगाव’ म्हणून, आणि दोन्ही नावे एका पानात असतीलच असे नाही. काळाच्या अंगाने पाहिले तर गुंता वाढतो. १८८० च्या मुंबई गॅझेटिअरमध्ये हा मुलूख खानदेशाच्या खंडात आहे. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाल्यावर तो पश्चिम खानदेशात गेला, पुढे त्याच जिल्ह्याला धुळे म्हणू लागले, आणि १९९८ नंतर नंदुरबार. १९४२ च्या चळवळीत नंदुरबारला शिरीषकुमार मेहता आणि त्यांचे बालसाथी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या काळचा सरकारी कागद पश्चिम खानदेशाच्या नावाखाली ठेवलेला असणार. केवळ आजच्या जिल्ह्याचे नाव टाकून शोधणाऱ्याला शंभर वर्षांचा मोठा भाग हुकतो. शब्द जुळवणाऱ्या आरंभीच्या यंत्रांना अशी नावे एकाच जागेची आहेत हे कळण्याचा काही मार्गच नव्हता.

लिंकांवर आधारलेल्या क्रमाचीही एक बाजू याच जिल्ह्यात स्पष्ट दिसते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. देशभरच्या वृत्तसंस्थांनी गावाचे नाव घेतले. ज्या गावाबद्दल बाहेरचा कोणी लिहीत नव्हता त्याच्याबद्दल एका दिवसात वजनदार पाने तयार झाली, आणि पेजरँकच्या तर्कानुसार टेंभली म्हणजे ती घटना असे समीकरण बसणे ओघानेच आले. गावाची शेती, पाणी, शाळा यांबद्दल कोणी बोट दाखवत नसेल तर त्या गोष्टी वर येण्याचे कारण उरत नाही. आधारच्या पोटातही एक शोधयंत्र आहे: नव्या नोंदणीच्या दहा बोटांचे ठसे आणि दोन बुबुळे आधीच्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहिली जातात. तिथे शब्द, भाषा, लिपी यांचा अडसर नाही.

भाषेचा अडसर सर्वांत मोठा आहे तो अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूरच्या पट्ट्यात. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या १६ लाख ४८ हजार लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या वर आहे. भिली, पावरी, मावची, देहवाली, कोकणी अशा बोली इथे घराघरांत आहेत, सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. देशभरात भिली मातृभाषा नोंदवणारे १ कोटीहून अधिक आहेत, तरी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ मध्ये, भिल्ल बोलींचे आणि खानदेशीचे नमुने छापले गेले. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने शतकानंतर त्या पुन्हा नोंदवल्या. शोधयंत्राला लागणारा साठा यातून बनत नाही. भिली महाराष्ट्रात देवनागरीत लिहितात, शेजारच्या गुजरातेत गुजराती लिपीत. डोंगराच्या अलीकडचा आणि पलीकडचा तोच शब्द सूचीत दोन ठिकाणी जातो. देवनागरीत लिहिलेले पान भाषा ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला मराठी किंवा हिंदी वाटते, कारण त्याला तेवढीच नावे शिकवलेली असतात. मग त्यावर मराठीचे प्रत्यय सोलण्याचे नियम चालवले जातात आणि शब्द चुकीच्या जागी तुटतात. होळीची गीते, देवांच्या गाथा, जंगलातल्या औषधी झाडांची नावे यांतले फारच थोडे कागदावर आले आहे, त्याहून थोडे युनिकोडमध्ये.

मराठीला अक्षरांचे क्रमांक मिळाल्यापासून कसोटीसाठी तपासलेला लेखसंग्रह मिळेपर्यंत १७ वर्षे लागली, आणि तिच्यामागे दैनिके, विद्यापीठे, कोशकार आणि एक राज्य होते. भिलीच्या किंवा पावरीच्या शोधासाठी त्याच क्रमाने लेखनाची एक ठरलेली पद्धत, त्या पद्धतीने लिहिलेला पुरेसा मजकूर, प्रत्ययांची यादी, कोश आणि बोलणाऱ्या माणसांनीच तपासलेली प्रश्नोत्तरे लागतील. त्यातले पहिले काम, लेखनाची पद्धत ठरवणे, सातपुड्यातल्या शाळांसाठी वाचनपुस्तके लिहिणाऱ्यांपुढेही तसेच उभे आहे.